काट्यावर वजन बरोबर, तरी मागचा एक्सल ओव्हरलोड! कांद्याचा ट्रक भरताना काय पाहाल?

सोलापूर : ट्रक भरला, काटा केला, एकूण वजन हद्दीत बसले, की शेतकरी आणि ड्रायव्हर दोघेही निश्चिंत होतात. पण माल किती, याइतकेच तो हौद्यात कुठे ठेवला, हेही महत्त्वाचे आहे. सोलापूरहून हैदराबाद किंवा बेंगळुरूला जाणाऱ्या कांद्याच्या गाडीचा टायर रात्री रस्त्यात फुटला, तर माल आणि जीव दोन्ही धोक्यात.

केंद्राने 2018 मध्ये एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका एक्सलवर 11.5 टन, तर सहाचाकी ट्रकचे मालासह एकूण वजन 18.5 टनांपर्यंत चालते. जुन्या गाडीला मात्र आरसीवरचा आकडाच धरावा.

हिशेब असा

समजा, रिकामा ट्रक 6 टनांचा आहे. त्यातले 2.7 टन मागच्या एक्सलवर. दोन एक्सलमधले अंतर 4.2 मीटर. 50 किलोच्या 200 गोण्या, म्हणजे 10 टन माल असा लावला की भाराचा मध्य मागच्या एक्सलच्या 60 सेंटिमीटर पुढे आला. मागे एकूण 11.27 टन येतात, हे चालते. पण त्यातल्या फक्त 20 गोण्या 3 मीटर मागे गेल्या, की मागचा भार जवळपास 12 टन! काट्यावर एकूण वजन मात्र तेच, 16 टन.

मागे जादा भार पडला की टायर तापतात, पाटे बसतात, डिझेल जास्त लागते. पुढची चाके हलकी पडून स्टेअरिंग आणि पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत. रस्त्याचे तर विचारूच नका: एक्सलवरचा भार दुप्पट झाला, तर झीज साधारण 16 पट होते.

काय करावे?

- गोण्या केबिनच्या बाजूने भरत याव्यात, फाळक्याजवळ ढीग नको.
- डावी-उजवी बाजू सारखी ठेवावी, थप्पी फार उंच नेऊ नये.
- दोन ठिकाणी माल उतरवायचा असेल, तर पहिल्या ठिकाणानंतर उरलेला माल सारखा करून घ्यावा. सगळा मागे राहू देऊ नये.
- काट्यावर आधी फक्त पुढची चाके घेऊन वजन करावे, मग पूर्ण गाडीचे. वजाबाकी केली की मागचा भार कळतो.

दोन वजनांना दहा मिनिटे जातात. रस्त्यात टायर फुटला, तर अख्खी रात्र जाते आणि बाजारही हुकतो.