श्वास मोजणाऱ्या ताईचा दिवस

सकाळी ६.३० : गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातलं गाव, डिसेंबर. धुक्यात चुलींचा धूर मिसळलेला. धानाची मळणी सुरू असल्याने बाया आठच्या आत खळ्यावर निघतात. लेकरू पाहायचं तर आशाताईला त्याआधीच घर गाठावं लागतं.

७.०० : दहा महिन्यांचं पोर, दोन दिवसांचा खोकला. आजी म्हणते, "डबा झाला जी, पोट उडून रायलं." डबा म्हणजे इकडच्या बोलीत न्यूमोनिया. ताई पोराला हात लावत नाही. ते आईच्या मांडीवर शांत पडलेलं असतानाच झबलं वर सरकवायला सांगते आणि घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट पोटाचं खालीवर होणं मोजते. अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही. लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतोच. मधेच ते रडतं, अंगावर पितं. पुन्हा पहिल्यापासून. ५६ भरतात. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनिया धरायचा. छाती आत ओढली जात नाही, एवढं बरं.

एक्स-रेशिवाय, गावातल्या माणसाने हे करायचं? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ते करून दाखवलं. त्यांचा अभ्यास १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्या गावांत प्रशिक्षित कार्यकर्ते आणि दाया औषध देत होत्या, तिथे न्यूमोनियाचे बालमृत्यू हजारी ८.१, बाकीच्या गावांत १७.५. तेव्हा औषध कोट्रायमोक्साझोल होतं, आता अमॉक्सिसिलिन. मोजणी तीच.

९.३० : उपकेंद्र. समुदाय आरोग्य अधिकारी सकाळच्या पोराचा श्वास पुन्हा मोजतात, पल्स ऑक्सिमीटर लावतात. अमॉक्सिसिलिनची गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिला डोस आईच्याच हातून, तिथेच.

११.०० : लसीकरण. न्यूमोकोकलची लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना.

१.०० : डबा आणि रजिस्टर. त्यातला वेळखाऊ भाग कोणता, ते सांगायला नको.

३.०० : सव्वा महिन्याचं बाळ, श्वास ६४. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त म्हणजे घरच्या उपचाराचा प्रश्नच नाही. ताई थेट १०८ लावते. आई म्हणते, घरच्यांना इचारते. खरी लढाई इथे असते, औषधाच्या पेटीत नाही.

५.३० : दुसऱ्या एका घरी, आधीच गोळ्या सुरू असलेल्या पोराची तिसऱ्या दिवसाची फेरतपासणी. पोर अंगणात खेळतंय, उरलेल्या गोळ्या फळीवर, 'पुढच्या वेळेसाठी'. ताई त्या खाली उतरवते, मोजते, संध्याकाळची समोर पाजून घेते. ही फेरी मला सगळ्यात मोलाची वाटते. नेमकी तीच कामाच्या गर्दीत सुटते.

तुमच्या घरात खोकणारं लेकरू असेल तर झबलं वर करून मिनिटभर बघा. ते दूध पीत नसेल, छाती आत ओढली जात असेल, गुंगीत असेल किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा. आणि पोर खेळायला लागलं तरी पाच दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करा.