मामीचा फ्रॉक आणि पोरांचं गोड खोटं



दिवाळीत मामी हौसेनं फ्रॉक आणते. तीन वर्षांची पोर पिशवी उघडते अन् सगळ्यांसमोर म्हणते, "शी! मला नको." आईला कुठं तोंड लपवू असं होतं. तीच पोर सात वर्षांची झाली की म्हणते, "छान आहे मामी," आणि रात्री आईच्या कानात सांगते, "टोचतोय गं." मग पोर खोटारडी झाली का?

तसं नाही. साधारण चार वर्षांच्या आसपास मुलांना कळायला लागतं की आपल्या मनात आहे तेच समोरच्याच्या मनात असतं असं नाही. हे कळल्याशिवाय कुणाचं मन जपता येत नाही. म्हणजे गोड खोटं बोलणं ही समज वाढल्याची खूण आहे.

व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या संशोधकांनी याचे प्रयोग केलेत. एकात फोटो काढायला बसलेल्या बाईंच्या नाकावर मुद्दाम लाल डाग लावला होता. "मी बरी दिसते ना?" असं विचारल्यावर बहुतेक मुलं "हो" म्हणाली. बाई गेल्यावर मात्र खरं सांगून मोकळी! दुसऱ्या प्रयोगात 3 ते 11 वर्षांच्या मुलांना भेट म्हणून साबणाची वडी दिली. (साबण बघून कुठलं पोर खूश होईल?) तरी बहुतेकांनी "आवडलं" म्हटलं, आणि वय वाढेल तसं असं म्हणणारी मुलं वाढली.

शिकतात कुठून? आपल्याकडूनच. पाहुण्यांकडचा खारट रस्सा आपण "झकास" म्हणत खातो, ते पोरं बघतात. पण वसुलीवाला दारात आला की आपण पोरालाच पुढं करतो, "सांग, आई घरी नाही." यात कुणाचं मन जपलं? पोराला दोन्ही सारखीच वाटतात. मोठ्यांची अडचण लेकरानं निभावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलीच्या बाबतीत जास्त जपा. "हसून बोल, नाही म्हणू नको" हे मुलींनाच जास्त ऐकवलं जातं. उद्या कुणी नको तिथं हात लावला तरी ती गप्प बसेल, त्याला वाईट वाटेल म्हणून. फ्रॉकबद्दल गोड बोललं तर चालतं, पण अंगाला हात लावल्याचं किंवा "कुणाला सांगू नको" म्हटलेलं आईपासून लपवायचं नाही. हे तिला वेगळं, नाव घेऊन सांगा. मुलालाही सांगा.

फ्रॉकचं म्हणाल तर खोट्याशिवायही जमतं. "मामी, आठवणीनं आणलास गं!" हे खरंच आहे. आणि रात्री ती कानात "टोचतोय" म्हणाली तर रागावू नका, ऐकून घ्या. आज फ्रॉकचं सांगते, उद्या मोठं काही सांगायला तुमच्याकडंच येईल.

मदत लागली तर चाइल्डलाइनचा 1098 हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालू असतो. गटाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.