सिंगल, तरी सुपरहिट!

लोकलच्या खिडकीतून बाहेर बघा. रुळांच्या कडेला चिंचेसारखी बारीक पानं, पांढरी गोंडेदार फुलं आणि चपट्या तपकिरी शेंगांचे झुबके दिसतील. पुण्यात टेकडीवर जॉगिंगला जाताय? तिथेही हीच भेटेल. ही सुबाभूळ, मूळची मेक्सिकोकडची.

परदेशातून आलेली ही बाई इथे एवढी फोफावली कशी? उत्तर तिच्या फॅमिली हिस्टरीत आहे. मेक्सिकोत या कुळातल्या शेंगा लोक हजारो वर्षं खातायत. तिथल्या वाहाका राज्याचं नावही त्यांच्यावरूनच पडलंय. एरवी लांब लांब वाढणाऱ्या दोन जाती लोकांनी परसात शेजारी शेजारी लावल्या आणि मग व्हायचं तेच झालं! दोन्हींचा संकर झाला, आणि दोघींच्या गुणसूत्रांचे पूर्ण संच घेऊन सुबाभूळ जन्मली. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून हे गुपित फुटलं.

या संकरातून जन्मलेल्या सुबाभळीकडे एक भारी गुण आहे. तिच्या बऱ्याच नातेवाइकांना बी धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. हिला जोडीदाराची गरजच नाही! नव्या देशात एकच बी रुजलं, तरी पुढचं रान तयार.

त्यात माणसाने आणखी निवड केली. हवाईतून आलेले उंच, झटपट वाढणारे वाण 1970-80च्या दशकांत आपल्याकडे पसरले. मणिभाई देसाईंच्या उरळीकांचनच्या ‘बाएफ’ने चारा आणि सरपणासाठी त्यांचा प्रसार केला. हेतू चांगलाच होता. पण झटपट वाढ, भरपूर बी आणि तोडल्यावर पुन्हा फुटवा हे शेतकऱ्याला हवे असलेले गुण घुसखोरालाही तितकेच फायद्याचे! आज जगातल्या 100 सर्वांत त्रासदायक घुसखोर प्रजातींच्या यादीत ती आहे. तिच्या दाट गर्दीत आपल्या स्थानिक रोपांना ऊनच मिळत नाही.

म्हणून नुसती कुऱ्हाड चालवून भागत नाही. बुंधा पुन्हा फुटतो आणि मातीतलं बी कित्येक वर्षं टिकतं. छोटी रोपं मुळासकट उपटायची, तीही शेंगा धरायच्या आत.

या पावसाळ्यात ऑफिसची ट्री प्लांटेशन ट्रिप निघाली, तर रोप हातात घेण्याआधी एवढंच विचारा: बॉस, हे झाड कुठलं? ‘लवकर वाढतं’ एवढंच उत्तर आलं, तर जरा थांबा.