चार इंचांचा हिशेब : जीपचा रेडिएटर आणि गॅरेजातले शास्त्र

परांडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाची चैत्रात यात्रा भरते. बार्शी, करमाळा, भूम अशा आसपासच्या भागांतून माणसे येतात. ग्रामीण महाराष्ट्रातल्या इतर यात्रांप्रमाणेच इथेही एसटीच्या जोडीला अनेक वर्षे वडापच्या जीपगाड्या होत्या. आत दाटीवाटीने बसलेली माणसे, टपावर सामान, बाहेर चाळिशीच्या वरचे ऊन आणि गर्दीतून पायी चालणाऱ्याच्या वेगाने, पहिल्या गिअरमध्ये सरकणारी गाडी. गाडीचा खरा कस अशा वेळी लागतो. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगाने पळताना वारा आपोआप मिळतो. गर्दीत तो मिळत नाही. मग बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागते, चालक खाली उतरतो आणि पाण्याचा डबा शोधू लागतो.

अशा जीपगाड्यांपैकी कित्येकांचे इंजिन कंपनीने बसवलेले नसे. मूळची पेट्रोलची गाडी घ्यायची आणि तिच्यात डिझेल इंजिन बसवायचे, हा उद्योग महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोचलेला होता. डिझेल स्वस्त आणि ते पुरतेही जास्त, हे त्यामागचे सरळ अर्थशास्त्र. या अदलाबदलीत इंजिनाची चर्चा सगळे करतात. पण इंजिन आत बसावे म्हणून ज्या भागाला आपली जागा सोडावी लागली, त्या रेडिएटरची चर्चा कुणी करत नाही. या लेखाचा विषय तो आहे. बॉनेटखाली मिळवलेली तीन-चार इंच जागा फुकट मिळत नाही. तिची किंमत वाऱ्याच्या रूपाने चुकवावी लागते. हा व्यवहार नीट जमवण्याचे ज्ञान आपल्या मिस्त्रींनी कमावले आणि ते जवळपास सगळे अलिखित राहिले.

जागा कमी का पडली?

महिंद्र बंधूंच्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी हे प्रारूप भारतात रूढ झाले. आपल्याला परिचित असलेली उंच नाकाची जीप ती हीच. हे नाक उंच होण्यामागेही जागेचाच प्रश्न होता. जुन्या जीपच्या इंजिनात दोन्ही झडपा बाजूला, ब्लॉकमध्ये होत्या. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात हवा आत घेणारी झडप वर, हेडमध्ये गेली. इंजिन उंच झाले आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून विलीजने १९५३ मध्ये बॉनेट आणि पुढची जाळी दोन्ही उंचावली. कारखान्याला हे शक्य होते, कारण पत्रा दाबण्याचे साचे त्याच्या हातात होते. गॅरेजवाल्याच्या हातात असतात वेल्डिंगचे यंत्र, कटर आणि डोळ्यांचे माप.

हरिकेन इंजिन २.२ लिटरचे. त्याच्या जागी जे डिझेल येई ते बहुधा अधिक वजनदार असे आणि अनेकदा लांबही. मद्रासच्या सिम्पसन कंपनीची पर्किन्स इंजिने होती, ट्रॅक्टरची इंजिने होती, मोडीत निघालेल्या टेम्पो-मॅटाडोरची होती. खुद्द महिंद्रनेही ट्रॅक्टरच्या घराण्यातले २३५० सीसीचे इंजिन जीपमध्ये बसवले, आणि पुढे फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या परवान्याने २११२ सीसीचे डिझेल इंजिन इगतपुरीला बनवायला घेतले. कंपनीने बदल केला तेव्हा तिने फाउंडेशन, रेडिएटर, पंखा, पाईप सगळे त्या इंजिनाच्या मापाने ठरवले. गॅरेजात मात्र गाडी एका मापाची आणि इंजिन दुसऱ्या मापाचे असे.

आता जागा करायची कुठे? इंजिन मागे सरकवावे, तर त्याला जोडलेला गिअरबॉक्स मागे जातो, गिअरचे दांडे मागे जातात, प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करावा लागतो आणि चालकाच्या पायांपुढचा पत्राही तोडावा लागतो. खाली बसवावे, तर चेंबर पुढच्या आसाला टेकतो. बाजूला न्यावे, तर स्टिअरिंग आडवे येते. उरतो रेडिएटर. तो इंजिनाला फक्त दोन रबरी पाईपांनी जोडलेला असतो, एक वरचा आणि एक खालचा. म्हणून सगळ्यात आधी हात त्याच्यावर पडतो. पुढची आडवी पट्टी कापायची, नवे ब्रॅकेट वेल्ड करायचे आणि रेडिएटर जाळीच्या दिशेने ढकलायचा. काम अर्ध्या दिवसाचे. त्याचे परिणाम मात्र गाडी रस्त्यावर आहे तोवर भोगायचे.

पाण्याचे काम, वाऱ्याचे काम

हे परिणाम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत रेडिएटर नव्हताच; पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वरून नवे ओतावे लागे. रस्त्यात विहीर गाठत जाणारी ही गाडी होती म्हणा ना. विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमारास मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ६ मिलिमीटर चौरस अशा ८,०७० नळ्या होत्या आणि एवढ्या ताकदीच्या गाडीला जेमतेम ९ लिटर पाणी पुरू लागले. मायबाखने पाणी वाढवले नाही. वाऱ्याला भेटणारा धातूचा पृष्ठभाग वाढवला. इंजिनातली उष्णता पाणी फक्त वाहून आणते, ती बाहेर नेण्याचे काम वारा करतो. ही गोष्ट विसरली की रेडिएटर म्हणजे पाण्याची टाकी असे वाटू लागते, आणि टाकी काय, कुठेही ठेवता येते.

सोनारीसारख्या ठिकाणचा एक साधा हिशेब करून पाहू. रेडिएटर किती उष्णता सोडतो हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असते. पाणी ९५ अंशांवर आहे असे धरू. थंडीतल्या सकाळी हवा १५ अंश असेल तर फरक ८० अंशांचा. चैत्रातल्या दुपारी हवा ४२ अंश असेल तर फरक ५३ अंशांचाच. म्हणजे तोच रेडिएटर, तोच वारा, पण काम दोन-तृतीयांश. शिवाय हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंच. इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण अर्धा बार दाब धरून ठेवत असेल तर ही मर्यादा ११० च्या आसपास जाते. म्हणूनच ढिले झाकण बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. आणि म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे सर्वांत धोक्याचे: दाब एकदम सुटतो, शंभराच्या वर गेलेले पाणी क्षणात उसळते आणि चालकाचे हात, तोंड भाजते. गाडी बंद करून ती निवेपर्यंत थांबणे याला पर्याय नाही.

एक गोष्ट डिझेलच्या बाजूने सांगायला हवी. कमी भारावर डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी इंधन जाळते, त्यामुळे नुसते चालू ठेवलेले डिझेल इंजिन पेट्रोलइतके तापत नाही. पुष्कळ गाड्या जुन्या पेट्रोलच्या रेडिएटरवर निभावून गेल्या त्याचे हे एक कारण. पण भरलेली गाडी, चढ आणि वाऱ्याचा अभाव हे तिन्ही एकत्र आले की ही सवलत संपते.

सरकवण्याचे चार प्रकार

पहिला प्रकार, रेडिएटर पुढे सरकवणे. यात पंखा आणि जाळी यांच्यातले अंतर बदलते. इंजिनावरचा पंखा जाळीपासून साधारण इंचभर अंतरावर चांगला ओढतो. अंतर चार-पाच इंच झाले की पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी बाजूची, बॉनेटखालचीच गरम हवा घुसळत बसतो. यावरचा उपाय म्हणजे पंख्याभोवती पत्र्याचे कडे. पंख्याच्या पात्यांची साधारण अर्धी रुंदी कड्याच्या आत आणि अर्धी बाहेर राहिली की ओढ चांगली बसते. परीक्षाही सोपी आहे: इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या पुढच्या अंगाला कागद धरायचा. मधोमध चिकटला आणि कोपऱ्यांवर गळून पडला, तर कोपऱ्यांतून वारा जात नाही हे समजायचे.

दुसरा प्रकार, खाली करणे किंवा कलता बसवणे. कलता रेडिएटर वाऱ्याला फारसा अडथळा करत नाही. अडचण पाण्याची होते. रेडिएटरचे तोंड इंजिनाच्या हेडपेक्षा खाली गेले, तर पाणी भरताना हवेचा बुडबुडा हेडमध्येच अडकतो. तिथे पाणी नाही, म्हणजे उष्णता वाहून न्यायला कुणी नाही. काटा ठीक दाखवतो आणि हेड गॅस्केट उडते. म्हणून पाणी भरायचे तोंड साऱ्या व्यवस्थेत सर्वांत उंच हवे. ते जमत नसेल तर उंचावर वेगळी छोटी टाकी बसवून तिथून पाणी भरावे.

तिसरा प्रकार, रेडिएटर बाजूला नेणे. याचे प्रसिद्ध उदाहरण १९५९ ची ब्रिटिश मिनी. अॅलेक इसिगोनिस यांनी दहा फुटांच्या गाडीत चार माणसे बसवण्यासाठी इंजिन आडवे केले. पंखा इंजिनाला जोडलेला, त्यामुळे तोही आडवा झाला आणि रेडिएटर डाव्या चाकाच्या कोनाड्याला लागून बसवावा लागला. जागा मिळाली, पण समोरून येणाऱ्या वाऱ्याचा थेट लाभ गेला. शिवाय पुढे रेडिएटरचा आडोसा न राहिल्याने पावसाचे पाणी थेट डिस्ट्रिब्युटरवर जाई आणि सुरुवातीच्या गाड्या पावसात बंद पडत. आपल्याकडे चिखलातून, ओढ्यातून जाणाऱ्या गाडीला हा धडा विशेष लागू आहे.

चौथा प्रकार, इंजिनावरचा पंखा काढून विजेचा बसवणे. १९६९ च्या फियाट १२८ मध्ये इंजिन आडवेच होते, पण विजेच्या पंख्यामुळे रेडिएटर पुन्हा समोर आला. हीच मांडणी १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० च्या रूपाने आपल्या दारात आली. विजेचा पंखा चपटा असतो आणि गर्दीत गाडी सरकत असतानाही पूर्ण वेगाने फिरतो. यात्रेतल्या जीपला नेमके हेच हवे. अट एवढीच, की डायनामो किंवा अल्टरनेटर तेवढी वीज पुरवणारा असावा आणि पंख्याची तार, रिले, फ्यूज जाडजूड असावेत. तार जळून पंखा बंद पडल्याचे चालकाला कळते ते वाफ दिसल्यावरच.

या चारही प्रकारांना सामाईक असा एक मुद्दा आहे. इंजिन रबरी फाउंडेशनवर हलते; डिझेल तर सुरू होताना आणि बंद होताना चांगलेच झटके देते. रेडिएटर सांगाड्यावर बसतो. म्हणून दोघांत कुठेही घट्ट जोड असता कामा नये. ब्रॅकेट सांगाड्याला वेल्ड केले तरी रेडिएटर आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये रबर हवे, नाहीतर खडबडीत रस्त्याचा हादरा थेट पितळी टाकीच्या सांध्यावर येतो आणि डाग देणाऱ्याकडे दर महिन्याची फेरी ठरते. तसेच रेडिएटरच्या कडा आणि बॉडी यांच्यातल्या फटी रबराने बुजवायला हव्यात. नाहीतर मागे गेलेली गरम हवा त्याच फटींतून वळून पुन्हा पुढे येते. उसाच्या भागात आणखी एक भर पडते: पाचटाचा चुरा आणि धूळ जाळीत बसते. जाळी पुढच्या पट्टीला इतकी खेटवली की मागून पाण्याचा फवारा मारायला हातच जात नाही, तर मिळवलेली जागा तोट्याचीच समजावी.

नोंदीबाहेरचे ज्ञान

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. यामागे सुरक्षेचा विचार आहे आणि तो रास्त आहे. पण नोंदणी पुस्तकात फार तर पेट्रोलचे डिझेल झाल्याची नोंद होते. रेडिएटर चार इंच पुढे गेल्याची होत नाही. कंपनीची पुस्तिका मूळ गाडीपुरती. बदललेल्या गाडीची पुस्तिका फक्त तिच्या मिस्त्रीच्या डोक्यात.

त्या जीपगाड्या आता मोडीत निघत आहेत, आणि त्यांच्याबरोबर ते हातही. पण प्रश्न संपलेला नाही. जुन्या गाडीत वातानुकूलन यंत्र बसवले की त्याचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात येतो आणि आधी तापलेली हवाच जाळीला मिळते. हौसेने गाडीपुढे जाड बंपर आणि विंच लावणारे तरुणही नकळत वाऱ्याची वाट अडवत असतात. त्यांना हवे असलेले उत्तर पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयात सापडायचे नाही. ते बार्शी-परांडा रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या गॅरेजात मिळण्याची शक्यता अधिक.

आपल्याकडे लोकगीतांची, शेतीच्या अवजारांची नोंद झाली. गॅरेजातल्या या कामाचीही व्हायला हवी, आणि त्यासाठी लागते फार थोडे: एक वही, एक टेप आणि साधा थर्मामीटर. कुठल्या गाडीत कुठले इंजिन बसवले, रेडिएटर किती सरकला, पंखा आणि जाळी यांत अंतर किती राहिले, कडे होते की नाही, उन्हाळ्यात भरलेल्या गाडीचा काटा कुठे गेला. एवढ्या पाच रकान्यांची वही प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार जुन्या मिस्त्रींपाशी बसून भरली, तरी बरेच काही हाती लागेल. ते हयात आहेत तोवर हे काम करता येईल.