मावशींच्या घरून पुढे

पुण्यात 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांच्या समुद्रप्रवासाचे आपण कौतुक करतो. मला त्यापुढचा टप्पा अधिक कठीण वाटतो. जून 1883 मध्ये न्यूयॉर्कला उतरल्यावर रोझेल येथील कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना लेकीची माया लाभली. त्या बाईंना त्या ‘मावशी’ म्हणत. उन्हाळा सरला, आणि अठरा वर्षांच्या या मुलीने ते ऊबदार घर सोडून फिलाडेल्फियाचे वैद्यकीय महाविद्यालय गाठले. कडाक्याच्या थंडीतही शाकाहार सोडला नाही. (परदेशी शिकणाऱ्या आपल्या मुलींना त्याचे मोल वेगळे सांगायला नको!) मार्च 1886 मध्ये पदवी मिळाली. पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात त्या निवर्तल्या. त्यांची रक्षा मावशींकडे अमेरिकेस धाडण्यात आली. पुकीप्सीच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबीयांसमवेत ती विसावली आहे.