आधी आई-बाबांची पुस्तकं

मुलाला घरीच शिकवायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी होते ती पाठ्यपुस्तकांची. शिक्रापूरहून पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात एक फेरी होते. इयत्तेचा पूर्ण संच, गाइडं, वह्या, भिंतीवर लावायचे तक्ते असं सगळं घेऊन मंडळी परततात. मग सकाळी दहा ते अकरा गणित, अकरा ते बारा मराठी असं वेळापत्रक लागतं आणि थोड्याच दिवसांत आई आणि मूल दोघंही वैतागतात. चुकतो तो पुस्तकांचा क्रम. होमस्कूलिंगसाठी तो उलटा ठेवावा. आधी मोठ्यांनी वाचायची पुस्तकं, मग मुलांसोबत वाचायची, त्यानंतर हातानं करून बघायची, आणि परीक्षेची सगळ्यात शेवटी.

पहिला कप्पा : पालकांचा

सुरुवात गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’पासून करावी. मूळ गुजराती पुस्तक १९३२चं आहे आणि ते मराठीतही मिळतं. चौथीचा वर्ग हाती घेतलेला एक शिक्षक धडे बाजूला ठेवतो आणि गोष्टी सांगायला लागतो. पुढे खेळ येतात, वाचनालय येतं, स्वच्छता येते, आणि त्यांच्याच आधारानं अभ्यासही येतो. घरी शिकवण्याचे पहिले महिने कसे घालवावेत, याचं उत्तर या छोट्या पुस्तकात आहे. मूल शाळेतून काढलेलं असेल तर त्याला सावरायला वेळ लागतो. त्या काळात गोष्टी ऐकणं हाच अभ्यास धरावा.

दुसरं पुस्तक तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’. मूळ जपानी पुस्तक १९८१चं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांचा आहे. त्यातल्या रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेत दिवसभराची कामं सकाळीच फळ्यावर लिहिली जात आणि कोणतं आधी करायचं हे मुलं ठरवत. घरात ही पद्धत जशीच्या तशी चालते. आजी-आजोबांनाही हेच पुस्तक द्यावं. ‘पोरगं शाळेत का जात नाही?’ हा प्रश्न बाहेरच्यांच्या आधी घरातूनच येतो, आणि त्यावर वाद घालण्यापेक्षा हे पुस्तक जास्त उपयोगी पडतं.

इंग्रजी वाचणाऱ्यांनी अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांचं १९६४चं ‘हाउ चिल्ड्रन फेल’ वाचावं. वर्गातल्या मुलांची बरीचशी बुद्धी ‘बाईंना कोणतं उत्तर हवंय’ हे ओळखण्यात खर्च होते, हे त्यांनी वर्गात बसून टिपलं. आई प्रश्न विचारते तेव्हा मूल वहीकडे पाहतं की आईच्या चेहऱ्याकडे, हे त्यानंतर लक्षात यायला लागतं. आपल्याकडच्या पालकपणासाठी पुण्याच्या गरवारे बालभवनाच्या शोभा भागवत यांचं ‘आपली मुलं’ घ्यावं आणि १९८७पासून निघणारं ‘पालकनीती’ मासिक लावावं.

दुसरा कप्पा : वाचनाचा

मूल अजून वाचत नसेल तर अख्खी बाराखडी पाठ करून घेण्याची घाई नको. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेनं वाचन शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात थोडी अक्षरं आणि एखादं स्वरचिन्ह एकदम शिकवतात. म, क, र, ल आणि काना एवढं आलं की ‘काका’, ‘मामा’, ‘कमल’, ‘माकर’ अशी खरीखोटी जुळणी करता येते. ‘माकर’ असा शब्दच नाही हे ओळखून मूल हसलं, की ते अर्थ लावून वाचतंय असं समजावं.

त्यापुढे माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं हाताशी असावीत. लहानांसाठी ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ आहेत. थोड्या मोठ्यांसाठी ‘वाचू आनंदे’चे बाल आणि कुमार गटांचे भाग आहेत. त्यांत मराठी साहित्यातले निवडक उतारे चांगल्या चित्रांच्या सोबतीनं येतात. लिखाण आणि व्याकरणासाठी त्यांचंच ‘लिहावे नेटके’ घ्यावं. त्याच्यासोबत उत्तरंही मिळतात, त्यामुळे व्याकरण विसरलेल्या पालकांचीही सोय होते.

सणसवाडी-रांजणगावच्या कंपन्यांमुळे शिक्रापुरात परप्रांतातून आलेली कुटुंबं बरीच आहेत. त्यांना प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ उपयोगी पडेल. तिथं एकच गोष्ट मराठी, हिंदी आणि इतर भाषांत फुकट वाचता येते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय आणि त्याचे जुने अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात.

तिसरा कप्पा : हाताचा

गणिताची सुरुवात पुस्तकानं करू नये. शंभर मण्यांची, दर दहा मण्यांनंतर रंग बदलणारी माळ घरी ओवावी. बेरीज-वजाबाकी आणि दशक-एकक तिच्यावर आधी दिसू दे, मग वहीत उतरू दे. त्यानंतर मंगला नारळीकर यांच्या ‘गणितगप्पा’ सोबत वाचाव्यात. ज्या पालकांच्या मनात गणिताची भीती बसली आहे त्यांनी त्या स्वतःसाठीही वाचाव्यात.

विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांची पुस्तकं आहेत. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी पुस्तकांचा मोठा साठा मोफत आहे.

या कप्प्यातली काही ‘पुस्तकं’ मात्र शिक्रापूरच्या आसपासच आहेत. राजगुरुनगरकडे जाताना पाबळ लागतं. हिंदुस्तान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी संपवून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये तिथं विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करता करता माणूस शिकतो, हा त्यांचा मूळ विचार. शाळा अर्धवट सुटलेली मुलं तिथं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी शिकत आली आहेत, आणि गरज पडेल तसं गणित-विज्ञानही. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या पहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवायच्या कार्यशाळांपैकी, एक याच गावात आली. घरी शिकणाऱ्या किशोरवयीन मुलाला हे काम एकदा जवळून दाखवावंच.

भूगोलासाठी तुळापूरचा संगम आहे, जिथं इंद्रायणी भीमेला मिळते. निघोजचे रांजणखळगे आहेत, जिथं कुकडीच्या पाण्यानं दगडगोटे फिरवून काळ्या कातळात कुंडं कोरली. जाऊन आल्यावर नकाशा उघडला की मूल तो नीट बघतं.

शेवटचा कप्पा : परीक्षेचा

बालभारतीची पुस्तकं आता घ्यावीत. ती पीडीएफ स्वरूपात मोफतही मिळतात. रोज एक धडा असं न करता वर्षातून दोनदा अनुक्रमणिका उघडावी आणि काय झालं, काय राहिलं याची खूण करावी.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे तो पालकांचं कर्तव्य मानतो. होमस्कूलिंगचा त्यात उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षेची तरतूदही नाही. त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला, जन्मदाखला आणि मुलाच्या कामाच्या वह्या जपून ठेवाव्यात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या, ‘ए’, ‘बी’ आणि ‘सी’ या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीशी समकक्ष आहेत. दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय पुरतात आणि मराठी माध्यमही आहे. तिची अभ्यासपुस्तकं साधारण तेराव्या वर्षी उघडली तरी चालतं.

हा कप्पा शेवटी असला तरी सोडून चालत नाही. मुंबईची मालविका जोशी शाळेबाहेर शिकली आणि प्रोग्रॅमिंग ऑलिंपियाडच्या पदकांच्या जोरावर २०१६मध्ये एमआयटीत गेली. मात्र बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. पदकं सगळ्यांना मिळत नाहीत. प्रमाणपत्र बहुतेकांना लागतं.

पहिल्या महिन्यात तीनच गोष्टी घ्याव्यात : ‘दिवास्वप्न’, मुलाच्या वयाचा ‘वाचू आनंदे’चा एक भाग, आणि मण्यांची माळ. पुढचं पुस्तक कोणतं आणायचं, हे मुलाच्या प्रश्नांवरून ठरवावं.