उभं राहिलं की शीर का फुगते?

मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलर लागले की लिलावाचा असा गलका उठतो की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. पण त्याच ट्रॉलरवरच्या एका यंत्राचा आवाज तर कुणालाच ऐकू येत नाही! ते यंत्र म्हणजे फिश फाइंडर. ते पाण्यात आवाज सोडतं, माशांच्या थव्यावर आपटून तो परत आला की पडद्यावर थवा दिसतो.

दवाखान्यातली सोनोग्राफी ही त्याचीच धाकटी बहीण. तिचा आवाज आणखी बारीक, सेकंदाला लाखो कंपनं. आपले कान 20 हजारांतच हात टेकतात.

तांडेल समुद्रात मासे शोधतो, तशी डॉक्टर पायात शीर शोधतात. माणूस आडवा असेल तर पोटरीतली शीर पडद्यावर चपटी दिसते, रिकाम्या पिशवीसारखी. त्यालाच उभं करा. तीच शीर गोल गरगरीत!

कारण? रक्तालाही वजन असतं की! उभं राहिलं की छातीपासून घोट्यापर्यंतचं रक्त खालच्या शिरांवर भार टाकतं. आडवं असताना घोट्याजवळच्या शिरेत जेमतेम 10 मिलिमीटर पाऱ्याइतका दाब असतो, मोठं माणूस स्तब्ध उभं राहिलं की तो 90 च्या आसपास जातो. शिरांच्या भिंती पातळ, त्या लगेच ताणतात. साधारण अर्धा लीटर रक्त खाली उतरून बसतं.

पटत नाही? एक हात डोक्यावर धरा, दुसरा खाली सोडा. मिनिटभराने दोन्ही हातांच्या मागच्या बाजू शेजारी ठेवून बघा. पटकन बघा हं, नाहीतर फरक पळून जाईल. मानेतल्या शिरेचं मात्र उलटं. ती झोपल्यावर भरते आणि उभं राहिल्यावर मिटते!

मग खाली गेलेलं रक्त वर कसं येतं? शिरांमध्ये एकाच बाजूने उघडणाऱ्या झडपा असतात. विल्यम हार्वे यांनी 1628 साली आपल्या पुस्तकात त्यांचं काम दाखवून दिलं, तेही दंडाला पट्टी बांधून. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. चार पावलं टाकली की घोट्याजवळचा दाब झपकन उतरतो. झडपा सैलावल्या तर शिरा कायमच्या फुगतात. म्हणूनच त्या तपासताना डॉक्टर माणसाला उभं करतात.

तासन्‌तास उभ्याने मासे विकणारी मावशी मधूनच टाचा उचलते ना? ती पंपच मारत असते!

आणि पाटीतला बांगडा? तो पाण्यात शेपटीवर उभा राहिला असता तरी त्याच्या शिरा फुगल्या नसत्या. जितकं खोल, तितकं बाहेरचं पाणीही जोरात दाबतं. गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर मावशीच्याही शिरा फुगणार नाहीत. पण तिथे गिऱ्हाईक कोण? मासेच!